आताची गाडी विकून १९६५ची बीटल घेऊ का?

प्रश्न: ताई, वय ३९, नोकरी करतो, घरी बायको आणि सहा वर्षांची मुलगी. सध्या चार वर्षांपूर्वी घेतलेली ऑटोमॅटिक हॅचबॅक आहे. तक्रार काही नाही, पण चालवताना काहीच वाटत नाही. नुसती पीप पीप करत असते आणि एसी कमी करायला पण स्क्रीनवर बोट घासत बसावं लागतं. ओळखीतल्या एका काकांकडे १९६५ची फोक्सवॅगन बीटल आहे, १२०० सीसी, सहा व्होल्टची, बरीच वर्षं शेडमध्ये झाकून उभी आहे. जुन्या गाड्यांचं मला लहानपणापासून वेड आणि काका ती मला द्यायला तयार आहेत. माझा विचार असा की हॅचबॅक विकून टाकायची, बीटल नीट करून घ्यायची आणि तीच रोज वापरायची, ऑफिसला पण आणि मुलीला शाळेत सोडायला पण. जुना पत्रा जाड म्हणजे सेफ, कॉम्प्युटर नाही म्हणजे बिघडायला काही नाही, आणि बिघडलीच तरी पाना आणि स्क्रूड्रायव्हरने दुरुस्त होणारी. मागच्या सीटला पट्टे नाहीत पण पूर्वी कुठे होते. रंग उडालाय, तो बदलून लाल करायचाय. बायको म्हणते तुला वेड लागलंय. काय करू? – एक गाडीवेडा

उत्तर:

दादा, बीटल घ्या. हॅचबॅक मात्र विकू नका.

सल्ला एवढाच आहे. बाकीचं सगळं लिहितेय ते अशासाठी की तुमच्या पत्रात आवड, सेफ्टी आणि रोजची सोय या तीन गोष्टी एकमेकीत इतक्या गुंतल्यात की त्या वेगळ्या केल्या नाहीत तर सहा महिन्यांत तुम्ही त्या बिचाऱ्या बीटलवर पण चिडाल आणि वहिनींवर पण, आणि दोघींची काही चूक नसेल.

आधी आवडीचं बोलू, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात आणि कुणी तुम्हाला वेड्यात काढायचं कारण नाही. जुनी गाडी चालवताना जे वाटतं ते खरंच असतं, जुन्या आठवणींनी गहिवरून येतं एवढंच ते नसतं, त्यामागे सरळ मेकॅनिकल कारणं आहेत. ६५ची बीटल वजनाला आठशे किलोच्या आत, इंजिनाची ताकद ३४ हॉर्सपॉवर, टायर अरुंद, पॉवर स्टीअरिंग नाही, ब्रेकला बूस्टर नाही. म्हणजे तुमचा हात आणि रस्ता यांच्यामध्ये फार काही येतच नाही. रस्त्यावर खडी आली की स्टीअरिंगमध्ये कळते, ब्रेक लागतोय की नुसता घासतोय ते पायाला कळतं, गिअर कधी टाकायचा ते कानाला कळतं. सकाळी थंड इंजिन सुरू करायचं तर ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सावकाश सोडायचा, म्हणजे कार्बोरेटरमधली ऑटोमॅटिक चोकची पट्टी बंद होते, मग चावी फिरवायची, आणि मागून तो हवेवर थंड होणाऱ्या चार सिलिंडरचा खरखरीत आवाज येतो जो आंधळ्या माणसाला पण ओळखता येईल. त्यानंतर पहिली दोन-तीन मिनिटं गाडी जरा अडखळते, तेवढा वेळ तिला सांभाळून न्यावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा सगळा आनंद ताशी पन्नासच्या स्पीडला मिळतो. आताच्या गाडीत पन्नासला काहीच जाणवत नाही, तिची ग्रिप, ताकद आणि शांतता इतकी जास्त असते की मजा यायला लागेपर्यंत स्पीड कायद्याच्या बाहेर गेलेला असतो. त्यामुळे 'चालवताना काहीच वाटत नाही' हे तुमचं म्हणणं मला अगदी पटलं.

हॅचबॅकच्या तक्रारीत पण तथ्य आहे. स्क्रीनवरून एसी कमी करायचा म्हणजे नजर रस्त्यावरून काढावी लागते, आणि हे आता गाड्यांची सेफ्टी तपासणाऱ्यांनाही पटलंय. युरो एनकॅप या युरोपातल्या सेफ्टी तपासणाऱ्या संस्थेने २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हझार्ड लाइट असल्या गोष्टींना खरीखुरी बटणं किंवा दांड्या असाव्यात असं धरलंय, पूर्ण मार्क हवे असतील तर. एसी त्यात नाही, पण वारं कुठल्या दिशेला वाहतंय ते यातून दिसतं. पुढची गाडी घ्याल तेव्हा शोरूममध्ये डोळे मिटून एसीचं बटण सापडतंय का ते बघा. तोपर्यंत सेटिंगमध्ये जाऊन पीप पीपमधले कुठले आवाज कमी होतात ते एकदा निवांत बसून बघून घ्या, बऱ्याच गाड्यांमध्ये अर्धे तरी कमी होतात. यासाठी गाडी विकायची गरज नाही.

आता पत्र्याचं. दादा, इथे मी जरा कडक बोलणार आहे. 'जुना पत्रा जाड म्हणजे सेफ' हे मी इतक्या लोकांकडून ऐकलंय आणि इतक्या प्रेमाने सांगितलेलं ऐकलंय, पण ते चूक आहे आणि त्याच्या भरवशावर तुम्ही लेकीला मागच्या सीटवर बसवणार आहात म्हणून स्पष्ट सांगते. २००९ साली अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने, विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी गाड्यांच्या टकरींच्या चाचण्या घेणारी संस्था आहे ती, १९५९ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर अर्ध्या रुंदीत एकमेकींवर आदळवली, दोन्ही ताशी ६४ किलोमीटरने. बेल एअर म्हणजे लांबलचक, जाडजूड, बघूनच वाटेल की हिला काय होतंय. त्याचा व्हिडिओ आहे, अवश्य बघा, आणि वहिनींबरोबर बघा. बेल एअरची ड्रायव्हरची जागाच शिल्लक राहिली नाही, डॅशबोर्ड आणि स्टीअरिंग आत घुसलं, आतल्या पुतळ्याच्या जागी माणूस असता तर वाचायची शक्यता फार कमी. मालिबूचा पुढचा भाग चुरगळून भंगार झाला पण आतली जागा जशीच्या तशी, ड्रायव्हरला पायाला थोडंफार लागलं असतं इतकंच.

कारण काय, तर टक्कर झाली की गाडीच्या वेगातली ताकद कुठेतरी जिरवावीच लागते. आताच्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळण्यासाठी बनवलेला असतो, तो चुरगळताना थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो, क्षणाचा छोटासा भागच पण तेवढ्याने जीव वाचतो, आणि माणसं बसतात तो पिंजरा मात्र कडक ठेवलेला असतो. जुन्या गाड्यांमध्ये हा विचारच नव्हता किंवा नुकता सुरू होत होता. पुढून चुरगळणारी आणि मध्ये कडक अशी बॉडी मर्सिडीजने १९५९मध्ये बाजारात आणली, तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी त्याच वर्षी दिला आणि व्होल्वोने त्याचं पेटंट सगळ्यांना वापरू दिलं, चाकं लॉक न होऊ देणारे इलेक्ट्रॉनिक एबीएस ब्रेक १९७८मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आले. तुमची बीटल ६५ची. तिच्यात स्टीअरिंगचा दांडा ताठ आहे, टक्कर झाली की दुमडणारा दांडा बीटलमध्ये नंतर आला. पेट्रोलची टाकी पुढे आहे, जवळजवळ तुमच्या पायांच्या पुढ्यात. चारी चाकांना ड्रम ब्रेक. मागचं सस्पेन्शन स्विंग ॲक्सलचं, म्हणजे वळणात जोरात शिरलात आणि घाबरून मध्येच ॲक्सिलरेटर सोडलात तर मागची चाकं आत दुमडल्यासारखी होतात आणि गाडीची मागची बाजू बाहेर निघून जाते. सावकाश चालवणाऱ्याला याचा त्रास नाही. रोज नऊ वाजता उशीर झालेल्या माणसाला आहे.

म्हणून मुलीला शाळेत सोडायला बीटल नाही. यावर मी तडजोड सुचवणार नाही. 'पूर्वी कुठे होते पट्टे' हे वाक्य मनातून काढून टाका, पूर्वी पट्टे नव्हते आणि पूर्वी माणसं मरत होती, आणि तेव्हा रस्त्यावर तुमच्या बाजूने दोन टनाच्या एसयूव्ही पण जात नव्हत्या. सहा वर्षांच्या मुलीला बूस्टर सीट लागते आणि तिच्यावरून खांद्याचा पट्टा लागतो, हॅचबॅकमध्ये ते दोन्ही बसतं. ती हॅचबॅक ठेवायला हे एकच कारण पुरेसं आहे. वहिनी 'वेड लागलंय' म्हणतायत ना, त्यांना एकदा शांतपणे विचारा की नक्की कशाला विरोध आहे. मला पत्रावरून असं वाटतंय की त्यांचा विरोध बीटलला नसणारच, लेक बिनपट्ट्याची मागे बसणार आणि घरात धड सुरू होईल अशी दुसरी गाडी नसणार याला आहे. तुम्ही जाऊन सांगितलंत की हॅचबॅक कुठेही जात नाही आणि शाळा त्याच गाडीने, तर बोलण्याचा सूर बदललेला दिसेल.

आता 'कॉम्प्युटर नाही म्हणजे बिघडायला काही नाही'. इथे अर्धं बरोबर आहे. जुनी गाडी समजते, हे खरं. काय बिघडलं ते डोळ्याला दिसतं, नाकाला कळतं, आणि बीटलचं तर इंजिनच चार मोठ्या बोल्टांवर लटकलेलं असतं, जाणकार माणूस ते दुपारच्या जेवणाआधी खाली उतरवतो. हे सुख आताच्या गाडीत नाही, तिथे स्कॅनर लावल्याशिवाय मेकॅनिक बोलत पण नाही. पण समजायला सोपी आणि कमी बिघडणारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या हॅचबॅकला वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला दिलं की विसरता येतं. बीटलला दर पाच हजार किलोमीटरला ऑइल, फक्त अडीच लिटर मावतं तिच्यात आणि आताच्यासारखा ऑइल फिल्टर नाही, नुसती जाळी आहे, तीच काढून धुवायची. तेवढ्यातच टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं, आणि ते पण इंजिन पूर्ण थंड असताना. प्लगला ठिणगी देणारे पॉइंट घासतात, त्यांची फट बघायची. पुढच्या ॲक्सलला ग्रीस. ब्रेक खाली गेला की ड्रमपाशी जाऊन ॲडजस्ट करायचा. ज्याला रविवारी सकाळी हात काळे करायला आवडतं त्याच्यासाठी ही काय सुंदर यादी आहे! ज्याला सोमवारी साडेआठला मीटिंग आहे त्याच्यासाठी ती शिक्षा आहे, आणि तुम्ही दोन्ही आहात.

एक उदाहरण देते म्हणजे फरक नीट कळेल. बीटलच्या मीटरमध्ये एक लाल दिवा असतो, डायनमोचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा. दुसऱ्या गाडीत हा दिवा चालताना लागला तर आपण म्हणतो बॅटरी चार्ज होत नाहीये, घरी जाऊन बघू. बीटलमध्ये तो लागला तर ताबडतोब बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं, कारण जो पट्टा डायनमो फिरवतो तोच इंजिन थंड करणारा पंखा पण फिरवतो, तो तुटला असेल तर हवा बंद आणि थोड्याच वेळात इंजिन गेलं. जास्तीचा पट्टा आणि तो बदलायचा पाना गाडीत कायम ठेवायचा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. आताची गाडी तुम्हाला हे असलं काही माहीत असावं अशी अपेक्षाच करत नाही, ती स्वतःच सांभाळून घेते. म्हणजे जुनी गाडी चालवायची तर तिचं ऐकायला शिकावं लागतं, रोजच्या घाईत ते ऐकणं होत नाही.

आणि 'जुन्या गाड्या टिकायच्या' असं जे आपण म्हणतो ना, त्यात एक गंमत आहे. काकांच्या बीटलमध्ये बसलात की किलोमीटरचे आकडे मोजा. पाच आहेत. ९९,९९९ नंतर सगळे शून्य. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांचं असंच होतं, कारण लाख किलोमीटर म्हणजे गाडीचं आयुष्य झालं असा तेव्हाचा हिशोब. आज लाख किलोमीटरला आपण गाडी जुनी झाली असं पण धड म्हणत नाही, काही गाड्यांचे स्पार्क प्लगच तेवढे चालतात. आपल्याला आज दिसतात त्या जुन्या गाड्या म्हणजे कुणीतरी जिवापाड जपलेल्या, त्यांच्याबरोबरच्या बाकीच्या कधीच गंजून भंगारात गेल्या. हे वाचून बीटलबद्दलचं प्रेम कमी व्हायला नको, उलट काकांनी तुमच्यासाठी काय राखून ठेवलंय ते कळायला हवं.

जुन्या गाड्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, फिवा, १९६६ पासूनची, तिची हिस्टॉरिक गाडीची व्याख्या मला फार पटते. गाडी किमान तीस वर्षांची हवी, जशी होती त्या रूपात राखलेली हवी, आणि ती रोजच्या येण्याजाण्याचं साधन म्हणून वापरली जात नसावी. ही शेवटची अट लोक विसरतात. साठ वर्षांच्या गाडीला ट्रॅफिकमध्ये तासभर क्लच दाबत उभी करणं, पावसात रोज भिजवणं, दर दोन दिवसांनी ऑफिसच्या उन्हात आठ तास टाकणं, यात तिचा मान राहत नाही. शिवाय धुराचं पण आहे, तिला धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, किलोमीटरमागे ती तुमच्या हॅचबॅकपेक्षा कितीतरी जास्त घाण सोडते. आठवड्याला एक फेरी मारणाऱ्या गाडीचं हे चालून जातं, रोजच्या वापरात ते मला तरी बरं वाटत नाही.

ठीक आहे, आता गाडी बघायला जाल तेव्हाचं. हा भाग प्रिंट काढून खिशात ठेवा.

रंगाकडे बघू नका, खाली बघा. बीटल इंजिनाने मरत नाही, गंजाने मरते. दरवाज्यांच्या खाली दोन्ही बाजूंना लांब पोकळ पेट्या असतात, हीटर चॅनेल म्हणतात त्यांना, मागच्या इंजिनाची गरम हवा त्यातून पुढे येते आणि गाडीची ताकद पण त्यांच्यावरच असते. त्या सडल्या असतील तर काम फार मोठं आहे, बॉडी चेसिसवरून उचलावी लागते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळूच ठोकत जा, टणटण वाजलं तर बरं, भद्द वाजलं तर थांबा. एक छोटं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्या आणि मडगार्डच्या कडा, खालचे कोपरे इथे लावून बघा, चिकटलं नाही तर आत पत्रा नाही, पुट्टी आहे. मग मागची सीट उचला. बॅटरी तिथे असते, उजव्या बाजूला, आणि वर्षानुवर्षं ॲसिड सांडून तिच्याखालची जमीन गळून गेलेली असते. तिथून रस्ता दिसत असेल तर दचकू नका, तो तुकडा नवीन मिळतो, पण किमतीचं बोलताना लक्षात ठेवा. आणि बॅटरीवर झाकण आहे का बघा, नसेल तर वर कुणी जड माणूस बसला की सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकून आग लागलेली उदाहरणं आहेत.

इंजिनाची एक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. इंजिन बंद, चावी काढून खिशात. मागचं झाकण उघडा, खालची मोठी पुली दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि स्वतःकडे ओढा, मग आत ढकला. ती हललेली नीट कळता कामा नये. खट्ट असा आवाज येऊन ती पुढे-मागे होत असेल तर आतलं मेन बेअरिंग आणि कदाचित इंजिनाचं केसिंग पण गेलं, ते इंजिन पूर्ण खोलावं लागणार. मला जुन्या बीटलबद्दल एकच प्रश्न विचारायची परवानगी असती तर मी हाच विचारला असता. काका 'शेडमध्ये ठेवली तेव्हा एकदम फर्स्टक्लास चालत होती' म्हणतील, ते खोटं नसेल बोलत, पण पुली खरं सांगते.

एवढं झालं आणि गाडी पसंत पडली तर कृपा करून बॅटरी जोडून लगेच स्टार्टर मारू नका. उत्साह असतो, फोटो काढायचा असतो, मला कळतं, पण इतकी वर्षं उभ्या गाडीत टाकीतलं पेट्रोल सडलेलं, तळाला गंज, ब्रेकचे सिलिंडर जाम. आधी टाकी उतरवून साफ, जुनं ऑइल काढून नवीन, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून इंजिन पुलीवरून हाताने फिरवायचं, सहज फिरलं की मग पुढचं. आणि सगळ्यात पहिले पेट्रोलच्या रबरी नळ्या. सगळ्या. एक पण जुनी ठेवू नका, वरून चांगली दिसली तरी. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही, नळीला चीर पडते, पेट्रोल गरम इंजिनावर गळतं, आणि बीटलचं केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे, ते एकदा पेटलं की साध्या पाण्याने विझत नाही. जुन्या बीटल जळून जायचं हे अगदी नेहमीचं कारण आहे आणि टाळायला सगळ्यात स्वस्त. नळ्या नव्या, क्लिपा नव्या, आणि गाडीत हाताशी आग विझवायचा छोटा सिलिंडर, हे झाल्याशिवाय रस्त्यावर आणायची नाही.

ब्रेकचं पूर्ण काम, ब्रेक ऑइलसकट. टायरवर कितीही नक्षी शिल्लक असू दे, बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, दहा वर्षांपलीकडचे असतील तर सरळ काढून टाका. आकडे तीनच असतील तर टायर गेल्या शतकातले आहेत, त्यावर तर गाडी शेडबाहेर पण काढू नका. हीटर लावल्यावर आत सायलेन्सरचा वास आला तर हीटर बंद, काचा खाली, आणि पुन्हा चालवायच्या आधी एक्झॉस्टभोवतीचे हीटरचे डबे बघून घ्या, ते गंजले की धूर थेट तुमच्या नाकात येतो. इंजिनाच्या भोवती जे पत्रे आणि रबर असतं ते 'नको असलेलं' म्हणून काढणारे मेकॅनिक भेटतील, त्यांना काढू देऊ नका, गरम हवा खाली आणि थंड हवा वर ठेवणं हे त्यांचं काम आहे. पार्टची काळजी करू नका, बीटल २ कोटी १५ लाखांहून जास्त बनल्या, शेवटची जुलै २००३मध्ये मेक्सिकोत पुएब्लाला निघाली, त्यामुळे या वयाच्या गाड्यांत हिच्याइतके सहज पार्ट मिळणाऱ्या फार थोड्या. नवख्या माणसाला पहिली क्लासिक म्हणून बीटल मला म्हणूनच आवडते.

काही गोष्टी मात्र आवर्जून बदला. पुढे तीन ठिकाणी अडकणारे पट्टे लावून घ्या, चांगल्या माणसाकडून, पत्र्याला नुसतं भोक पाडून नाही, मागून जाड पट्टी देऊन. सहा व्होल्टचे दिवे म्हणजे संध्याकाळी तुम्हाला रस्ता कमी दिसतो आणि दुसऱ्याला तुम्ही, तेव्हा आधी सगळ्या वायरची टोकं आणि अर्थिंग साफ करून बघा, फरक पडतो, आणि तरी नाही भागलं तर बारा व्होल्टवर न्या. काढलेला प्रत्येक पार्ट नाव लिहून खोक्यात ठेवा, म्हणजे उद्या कुणाला गाडी पूर्वीसारखी करायची झाली तर करता येईल.

लाल रंग? नको. निदान एवढ्यात नको. उडालेला असला तरी काकांच्या गाडीवरचा रंग कारखान्यातला असू शकतो, आणि तो एकदा खरवडला की जगात कुणीही परत आणू शकत नाही. आधी हलक्या हाताने धुवा, पॉलिश करून बघा, साठ वर्षांच्या धुळीखालून काय निघतं ते बघा. बरेचदा रंग मेलेला नसतो, नुसता झाकलेला असतो. दरवाजाच्या आत, डिकीच्या झाकणाखाली मूळ रंग दिसेल, तो आणि बाहेरचा सारखाच असेल तर त्याला हात लावू नका असं मी अगदी हात जोडून सांगते. वर्षभर चालवा, तरी लालच हवा वाटला तर गाडी तुमची आहे.

पैशाचं एकच सांगते. गाडीच्या किमतीएवढीच रक्कम पहिल्या वर्षाच्या कामाला बाजूला काढता येत नसेल तर यावर्षी घेऊ नका, काकांना तसं मोकळेपणाने सांगा, आणि तोपर्यंत येऊन धुऊन-पुसून ठेवतो म्हणा. इतकी वर्षं थांबलेली गाडी अजून वर्षभर थांबते. अर्धवट खोलून डब्यात पडलेली गाडी मात्र बहुतेक वेळा तशीच राहते, असे सांगाडे कितीतरी अंगणांत दिसतात आणि मला त्यांचं फार वाईट वाटतं. विमा घेताना जुन्या गाड्यांची वेगळी पॉलिसी मिळते का ते विचारा, जिच्यात गाडीची किंमत आधीच ठरवून लिहिलेली असते, नाहीतर उद्या काही झालं तर साठ वर्षं जुनी म्हणून हातावर चिल्लर ठेवतील.

तर रविवारी जा काकांकडे, चुंबक आणि टॉर्च घेऊन, जुने कपडे घालून. वहिनींना बरोबर न्या, आणि लेकीला पण, उभ्या गाडीत तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसू दे, स्टीअरिंग फिरवू दे. तिला पुढचं झाकण उघडून दाखवा आणि सांगा की समोरची काच धुवायचं पाणी दाबून भरलेल्या हवेने उडतं, खरंच तसं आहे, मुलांना हे जाम आवडतं. काकांना गाडीची जुनी बिलं आणि सर्व्हिसचं पुस्तक आहे का विचारा, असेल तर त्याच दिवशी मागून घ्या, नंतर शोधू म्हटलं की ती सापडत नाहीत. आणि पुली हलली की नाही ते मला कळवा, त्यावरून पुढचं इंजिनाचं सांगते.